बुडाले नाहीत, गारठले



गेल्या हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात आम्ही बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. पलीकडच्या तीरावर शेतं, शाळा आणि बाजाराची वाट. जायला होडीच. बैठक आटोपली, चहा आला आणि होडी उलटली तर काय, असा विषय निघाला. एक आजी म्हणाल्या, "पोहता येतंय ना, मग भ्यायचं कशाला?" त्यांची सून हळूच म्हणाली, "पोहता येणारेच बुडतात, आत्या." सगळ्या हसल्या आणि लगेच गप्पही झाल्या. मग कोपऱ्यातून एकीनं विचारलं, "पाण्यातनं वर काढलेल्या माणसाला आधी करायचं काय? आम्ही तर तळवे चोळतो आणि जाळाजवळ बसवतो. बरोबर आहे का ते?"

आमच्याकडे त्या दिवशी नीट उत्तर नव्हतं. परत आल्यावर वाचायला बसलो. उत्तर सापडलं ते लांबच्या, बर्फासारख्या गार समुद्रांच्या इतिहासात. तिथे शेकडो वर्षं माणसं होड्यांतून पाण्यात पडत होती, मरत होती आणि कागदावर एकच शब्द लिहिला जात होता, 'बुडून मृत्यू'. खरा मारेकरी निराळा होता. त्याचं नाव कळायला फार वेळ लागला आणि नाव कळल्यावरच उपाय सापडले. आजची आपली गोष्ट त्या मारेकऱ्याची, म्हणजे गारठ्याची.

सुरुवात करूया १८३८ पासून. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ फार्न नावाची खडकाळ बेटं आहेत. तिथल्या लाँगस्टोन दीपगृहात विल्यम डार्लिंग नावाचा दिवा राखणारा बायकोमुलांसह राहत असे. त्याची मुलगी ग्रेस, वय २२. ७ सप्टेंबरच्या पहाटे वादळात 'फोरफारशायर' नावाची आगबोट खडकावर आदळून दुभंगली. ग्रेसला खिडकीतून ती दिसली. उजाडल्यावर खडकावर माणसं हलताना दिसली. बाप आणि लेक लहानशी होडी घेऊन निघाले. आडोशाच्या बाजूनं वळसा घालत जवळजवळ मैलभर वल्ही मारली. बाप खडकावर उतरला, तेव्हा त्या उसळत्या पाण्यात होडी एकट्या ग्रेसनं आवरून धरली. दोन फेऱ्यांत नऊ जीव वाचले. ग्रेसचं नाव देशभर झालं. तिला पदक मिळालं, लोकांनी तिची चित्रं काढली. पुढे चारच वर्षांनी ती क्षयानं गेली.

पण या गोष्टीत आणखी एक बाई आहे. तिची आठवण कमी लोकांना असते. तिचं नाव सारा डॉसन. वाचलेल्या नऊ जणांत ती होती. तिची दोन लहान मुलंही त्या खडकापर्यंत पोचली होती. लाटांनी त्यांना ओढून नेलं नाही. आईनं रात्रभर दोघांना छातीशी धरून ठेवलं होतं. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, लाटांच्या तुषारांत ती दोन्ही मुलं आईच्या हातातच गेली. होडी आली तेव्हाही आई त्यांना सोडत नव्हती.

ही मुलं बुडाली नव्हती. ती गारठून गेली होती. आणि महिना सप्टेंबरचा होता, खरा हिवाळा अजून लांब होता.

लेकरं आधी का गेली? कारण साधं आहे. गरम भाताचं मोठं पातेलं तासभर गरम राहतं, पण त्यातलीच मूठभर शितं ताटात काढली की घटकेत गार होतात. लहान शरीराचंही तसंच. त्यात ऊब थोडी आणि ती निसटायला वाट मोठी. आपल्या अंगाची ऊब साधारण ३७ अंश असते. ती ३५ च्या खाली घसरली की डॉक्टर त्याला 'हायपोथर्मिया' म्हणतात. आपण म्हणू अंग थिजणं. आधी हुडहुडी भरते, दात वाजतात. मग बोलणं अडखळतं, माणूस भलतंच बरळतो, हात ऐकेनासे होतात. पुढे हुडहुडी थांबते. बघणाऱ्याला वाटतं, बरं वाटायला लागलं. खरं तर तेव्हा धोका सगळ्यांत मोठा असतो. शरीराची ऊब तयार करण्याची ताकदच संपलेली असते.

ग्रेस डार्लिंगच्या काळात हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांचं लक्ष होतं ते माणूस पाण्यावर तरंगता कसा राहील याकडे. १८५४ च्या सुमारास कॅप्टन वॉर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं बुचाचे तुकडे शिवलेलं एक जाकीट तयार केलं. बूच म्हणजे बाटलीला लावतात तेच, पाण्यावर तरंगणारं. खलाशांना ते अवजड वाटे, वल्ही मारताना आड येई. ९ फेब्रुवारी १८६१ ला इंग्लंडच्या व्हिटबी गावाजवळ वादळात एकामागून एक जहाजं किनाऱ्यावर आपटत होती. गावच्या बचाव होडीनं दिवसभर फेऱ्या मारून माणसं वाचवली. शेवटच्या फेरीत होडी उलटली. १३ पैकी १२ जण किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत गेले. एकटा हेन्री फ्रीमन वाचला. त्या नव्या जाकिटात फक्त तोच होता. त्यानंतर जाकिटाची चेष्टा थांबली.

म्हणून लोकांना वाटलं, कोडं सुटलं. जाकीट असलं की माणूस वाचतो. पन्नास वर्षांनी टायटॅनिक बुडालं आणि या समजुतीला मोठा तडा गेला.

टायटॅनिकची गोष्ट आपण सिनेमात पाहिली आहे. १४ एप्रिल १९१२ ची रात्र, उत्तर अटलांटिक समुद्र. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जहाज हिमनगावर घासलं आणि पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बुडालं. वादळ नव्हतं. समुद्र आरशासारखा शांत होता. जाकिटंही पुरेशी होती, बहुतेकांनी ती अंगात घातली होती. कमी पडल्या त्या होड्या. पाण्यात पडलेली माणसं जाकिटामुळे तरंगत राहिली, पण त्या पाण्याचं तापमान उणे दोन अंशांच्या आसपास होतं. समुद्राचं पाणी खारट, म्हणून शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. तासाभरात त्या अंधारातल्या हाका बंद झाल्या. सुमारे १५०० माणसं गेली. पुढे कॅनडातून गेलेल्या जहाजाला जाकिटं घातलेली शेकडो प्रेतं पाण्यावर तरंगताना सापडली.

त्या १५०० जणांत आपल्या ओळखीच्या मुलखातून गेलेली एक बाई होती. ॲनी फंक. मूळची अमेरिकेची, पण तेव्हाच्या मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतात, जांजगीर गावी ती मुलींची शाळा चालवत असे. आज ते गाव छत्तीसगडमध्ये येतं. आई आजारी असल्याची तार आली म्हणून ती निघाली. रेल्वेनं मुंबई, मुंबईहून बोट. इंग्लंडात कोळशाच्या संपामुळे तिचं ठरलेलं जहाज सुटणार नव्हतं, म्हणून तिला टायटॅनिकचं तिकीट मिळालं. १२ एप्रिलला जहाजावरच तिचे ३८ वर्षं पूर्ण झाले. तिसऱ्या रात्री ती गेली. जांजगीरच्या शाळेला पुढे तिचंच नाव देण्यात आलं.

त्याच रात्री काही जण वाचले कसे, यातही शिकण्यासारखं आहे. एक लहान होडी उपडी होऊन तरंगत होती. तीसेक पुरुष तिच्या पाठीवर चढले. लाइटोलर नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांना उभं केलं आणि होडी कलली की सगळ्यांना एकदम दुसऱ्या बाजूला झुकायला लावलं. काही जण रात्रीत गळून पडले, पण बरेच सकाळपर्यंत टिकले. कपडे त्यांचेही ओले होते, गारठा तोच होता. फरक एवढाच की त्यांचं अंग पाण्याच्या वर होतं. कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट सहजपणे ऊब वाहून नेतं. तापलेला तवा हवेत ठेवला तर किती वेळ गरम राहतो आणि पाण्यात बुडवला तर किती, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि होड्यांतल्या बायका? खलाशी कमी होते, म्हणून अनेक होड्यांत बायकांनीच वल्ही घेतली. एका होडीत मार्गारेट ब्राऊन या बाईंनी बाकीच्या बायकांना वल्ही मारायला लावलं, म्हणजे अंगात ऊब राहील. दुसऱ्या एका होडीचं सुकाणू रॉथिसच्या सरदारीण बाईंनी धरलं. कोरड्या होडीत बसलेल्यानं हालचाल करावी, हे त्यांना अनुभवानंच उमगलं. पाण्यात पडलेल्यानं मात्र काय करावं, हे अजून कुणालाच कळलं नव्हतं.

पहाटे चारच्या सुमारास 'कार्पेथिया' जहाज आलं. त्याच्या कप्तानानं वाटेतच घोंगड्या, गरम सूप, चहा, कॉफी तयार ठेवायला सांगितलं होतं. सातशेच्या वर माणसं वाचली. दोन वर्षांनी लंडनमध्ये देशोदेशींचा करार झाला. जहाजावर जितकी माणसं तितक्यांना पुरतील एवढ्या होड्या हव्यात, असं त्यात ठरलं. कायदा चांगलाच होता. पण गारठ्याबद्दल शिकायचं अजून बाकी होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. हजारो खलाशी उत्तरेच्या समुद्रांत पडले. युद्धानंतर ब्रिटिश आरमारानं चौकशी केली, तेव्हा लक्षात आलं की बुडत्या जहाजावर मेलेल्यांपेक्षा जहाज सोडल्यावर पाण्यात आणि उघड्या तराफ्यांवर मेलेले जास्त होते. तेव्हापासून छत असलेले, हवा भरून फुगवायचे तराफे आले. वाऱ्यापासून आडोसा मिळाला तरी जीव वाचतो, हे पटलं.

याच काळातलं एक काळं पानही आम्हाला वगळायचं नाही. जर्मनीत दाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बसवून ती किती वेळात मरतात हे मोजलं. युद्धानंतर अशा प्रयोगांबद्दल नाझी डॉक्टरांवर न्यूरेंबर्गला खटला चालला. माणसावर कुठलाही प्रयोग करायचा तर त्याची राजीखुशी पाहिजेच, हा नियम १९४७ मध्ये त्या निकालातूनच जगापुढे आला. आज दवाखान्यात कुणी कागदावर सही मागितली तर आधी समजून घेण्याचा आपला जो हक्क आहे, त्याची एक मुळी तिथवर जाते.

पुढचं ज्ञान आलं ते आपणहून पुढे आलेल्या लोकांच्या मदतीनं. इंग्लंडमधल्या विल्यम कीटिंग नावाच्या डॉक्टरनं गार पाण्यात उतरलेल्या माणसांची ऊब मोजली. त्यातून दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्ही लोकांच्या समजुतीच्या उलट होत्या. पहिली, पाण्यात कपडे काढून टाकू नयेत. ओले कपडेसुद्धा अंगाजवळचं थोडं कोमट झालेलं पाणी धरून ठेवतात. दुसरी, गार पाण्यात पोहत राहिलेला माणूस स्थिर राहिलेल्यापेक्षा लवकर गार होतो. हातपाय मारले की अंगाजवळचं कोमट पाणी निघून जातं आणि नवं गार पाणी येतं. सडपातळ माणूस धष्टपुष्ट माणसापेक्षा लवकर गारठतो, हेही दिसलं. आपल्याकडच्या काटक बायांनी आणि बारक्या पोरांनी हे लक्षात ठेवायला हवं.

तेवढ्यात १९६३ च्या डिसेंबरात 'लाकोनिया' नावाच्या जहाजाला मदेरा बेटाजवळच्या समुद्रात आग लागली. नाताळच्या सहलीला निघालेले प्रवासी होते. १२८ जण गेले. त्यांतल्या अनेकांचा जीव जाकिटं घालून पाण्यात तरंगत असताना गेला. आणि पाणी किती गार होतं? सुमारे १८ अंश. बर्फ नव्हे, उणे अंश नव्हे. आपल्याकडे थंडीत भल्या सकाळी नळाला येतं, साधारण तसलं पाणी. इतकं पाणी माणसाला मारू शकतं, हे कीटिंगनं अभ्यासून मांडलं तेव्हा जहाजवाल्यांचे डोळे उघडले.

१९७० नंतर कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॉन हेवर्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी आणखी पुढचं शोधलं. काखा, छातीच्या बाजू आणि जांघा, इथून ऊब सगळ्यांत जास्त निसटते. म्हणून जाकीट अंगात असेल तर गुडघे पोटाशी ओढायचे, हात छातीशी घट्ट आवळायचे आणि गर्भातल्या बाळासारखं मुटकुळं करून तरंगायचं. पाण्यात दोघंतिघं असतील तर एकमेकांना बिलगायचं, लेकरं मधे घ्यायची.

कॅनडातच पुढे हे सगळं तीन आकड्यांत बसवलं गेलं: एक, दहा, एक. खूप गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप लागण्याचं. गार पाणी अंगाला लागताच छाती आपोआप मोठा श्वास ओढते. तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जातं. पट्टीचा पोहणारा होडीपासून दोन हातांवर जातो तो असा. सूनबाई म्हणाल्या ते खोटं नव्हतं. या मिनिटात पोहायची घाई करायची नाही, तोंड वर ठेवायचं आणि श्वास ताब्यात येऊ द्यायचा. मग दहा मिनिटं हात चालतात. तेवढ्यात उलटलेली होडी धरायची, तिच्यावर चढायचं. त्यानंतर बोटं बधिर होतात, दोर हातात असूनही धरता येत नाही. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे अंगात जाकीट असेल तर मदत यायला वेळ आहे. नसेल तर तो तास आपल्या वाट्याला येतच नाही.

आता आजचा शेवटचा मुक्काम. २० मे १९९९, नॉर्वे. ॲना बोगेनहोल्म नावाची तरुण स्वीडिश डॉक्टर बर्फावरून घसरत जाताना डोक्याकडून एका गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाखाली अडकली. बाहेर काढायला ८० मिनिटं गेली. श्वास नाही, नाडी नाही, अंगाची ऊब १३.७ अंशांपर्यंत उतरलेली. कुणीही मेली म्हणून चादर ओढली असती. पण सोबत्यांनी छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं थांबवलं नाही. ट्रॉम्सोच्या इस्पितळात डॉक्टरांनी तिचं रक्त यंत्रातून फिरवून हळूहळू कोमट केलं. ती जगली. सावरायला बराच काळ गेला, पण ती पुन्हा डॉक्टर म्हणून कामावर रुजू झाली. थंडीनं तिचं हृदय थांबवलं, आणि त्याच थंडीनं तिचा मेंदू तेवढा वेळ टिकवला. गारठलेल्याला उबदार केल्याशिवाय मेला म्हणायचं नाही, हे डॉक्टरांचं सूत्र तिच्या उदाहरणानं घरोघर पोचलं.

तर कोपऱ्यातून प्रश्न विचारणाऱ्या ताई, आता तुमचं उत्तर.

तळवे चोळू नका आणि जाळाजवळ नेऊ नका. चोळल्यानं बधिर कातडीला इजा होते. हातापायांतलं गार रक्त एकदम आत गेलं तर हृदयावर ताण पडतो. माणूस फार गारठलेला असेल तर त्याला उभं करू नका, चालवू नका. जमेल तितकं आडवं धरून, हळू हातानं बाहेर काढा. युद्धात पाण्यातून जिवंत काढलेले कित्येक खलाशी वर आल्यावर गेले होते. वाऱ्याच्या आडोशाला न्या. ओले कपडे काढा, लाज नंतर बघू. कोरडं करून घोंगडी, गोधडी, जे मिळेल त्यात गुंडाळा, डोकंही झाका. एखादीनं गोधडीत शिरून छातीशी धरलं तरी चालेल. शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल, तरच गोड कोमट चहा द्या. दारू बिलकुल नको. दारूनं गरम वाटतं, पण अंगातली ऊब बाहेर पडते. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. कुणीतरी आधीच १०८ ला फोन लावलेला असू द्या.

आणि होडीत बसण्याआधीचं? पदर कमरेला खोचा आणि जाकीट त्याच्यावर घाला, पट्टे ओढून बांधा. बुडाखाली घेऊन बसायला ते आसन नाही. लेकरांना मोठ्यांचं ढगळ जाकीट नको, त्यांच्या मापाचं मागा. नावाड्याकडे जाकिटं नसतील तर गटानं मिळून ग्रामपंचायतीकडे मागणी करा. आणि होडी उलटलीच तर तीर जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नका. होडीला धरून राहा.

आपलं पाणी टायटॅनिकच्या पाण्याइतकं गार नाही, हे खरं. पण पौषातली पहाट, ओली साडी, फुगवट्यावरून येणारा वारा आणि कडेवरचं लेकरू, एवढंही पुरतं. सारा डॉसननं आपली दोन्ही मुलं रात्रभर छातीशी धरली होती. आईनं करायचं ते सगळं तिनं केलं. तिच्याजवळ नव्हता तो कोरडा कपडा, आडोसा आणि आज आपल्याला सहज मिळालेली ही माहिती. तिच्यानंतर पावणेदोनशे वर्षांत जगानं जे शिकून घेतलं, ते आपल्या घाटावर पोचवायला एक बैठक पुरेल.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. त्या आजींनाही बोलवा. आणि कुणाच्या गावात होडीसाठी जाकिटं आली तर आम्हाला नक्की कळवा. ती बातमी आम्ही आनंदानं सांगू.